या एकदा घरी

१

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये परदेशातून परत आलेल्या माणसाला एक शिक्षा भोगावी लागे. मराठी मंडळ तिला 'प्रवास-अनुभव' म्हणायचं. रविवारी दुपारी चार वाजता क्लबच्या हॉलचे काळे पडदे ओढायचे, ट्रेनिंग स्कूलमधून प्रोजेक्टर मागून आणायचा आणि आलेल्या माणसाने तासभर स्लाइड दाखवत बोलायचं. मग बटाटेवडा आणि चहा. कारखान्यातून दरवर्षी पाच-सात इंजिनिअर तरी बाहेर जात, त्यामुळे मंडळाला कार्यक्रमांची चणचण कधी भासली नाही.

मी या कार्यक्रमांना जायचो ते चुका काढायला. मी इन्स्पेक्शनमध्ये होतो. दुसऱ्याने केलेलं काम दिवसभर मोजायचं आणि मापात बसलं नाही की त्यावर लाल खडूने फुली मारायची, हे माझं काम. घरीही मी तेच करतो असं रत्नप्रभा, माझी बायको, म्हणायची. लोकांना मी आवडत नसे आणि मलाही लोक फारसे आवडत नसत, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

या कार्यक्रमांचा एक अलिखित नियम होता. प्रत्येक फोटोत स्वतः दिसलं पाहिजे. नुसती इमारत पडद्यावर आली की मंडळाचा चिटणीस शांताराम बोंडे मागून ओरडणार, "अहो, तुम्ही कुठे आहात? असा फोटो तर कॅलेंडरवर पण मिळते!" शांताराम नागपूरचा, ड्रॉइंग ऑफिसातला. त्याच्या या एका वाक्याने भल्याभल्यांची फजिती झालेली मी मजेत पाहिली होती.

एक्याऐंशीच्या सप्टेंबरात मला सात आठवड्यांच्या ट्रेनिंगला स्वीडनला पाठवलं. येताना हॅम्बर्ग, व्हिएन्ना आणि लंडन इथले कारखाने बघायचे होते. मी छत्तीस फोटोंचा एकच रोल घेतला आणि ठरवलं की प्रत्येक शहरात निदान एका फोटोत तरी आपण असायचं. शांतारामला बोलायला जागा ठेवायची नाही.

२

माझा कार्यक्रम नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी झाला. जवळच्या सोनागिरी भागातल्या स्टुडिओने रोल धुवायला मुंबईला पाठवला होता, स्लाइडचा डबा आदल्याच संध्याकाळी हातात पडला. मी स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरून भराभर पाहिल्या आणि क्रमाने लावल्या. नीट तपासल्या नाहीत. जन्मात एवढंच काम मी न तपासता पुढे पाठवलं असेल.

हॉल भरला होता. मी मनात होतं ते सगळं बोललो. स्टॉकहोमला चहूकडे पाणी आणि माणसं मात्र अशी की शेजारी बसलेला तासभर खिडकीकडे तोंड करून बसतो. हॅम्बर्गला रस्ता ठार रिकामा असला तरी लोक लाल दिव्यापाशी उभे राहतात. मी ओलांडला तर एक म्हातारा माझ्या अंगावर छत्री उगारून धावला. व्हिएन्नात एका कॉफीवर दोन तास पेपर वाचत बसायची पद्धत आहे, पण आपण बसलो की वेटर असा बघतो जणू आपण गटार साफ करायला आलोय. लंडनला माणसं आधी धक्का देतात आणि मग माफी मागतात. मी प्रत्येक शहरात रविवारचा सकाळपासून पाय दुखेपर्यंत चाललो, आणि सात आठवड्यांत एकाही माणसाने मला घरी ये म्हटलं नाही.

"म्हणून मीच त्यांना बोलवायचो," मी म्हणालो. "रस्त्यावर कोणाला तरी थांबवून कॅमेरा हातात द्यायचा. फोटो काढून झाला की चक्क मराठीत म्हणायचं, उपकार झाले, या एकदा घरी, भोपाळला. क्वार्टर नंबरसुद्धा सांगायचो. कोणाला कळतंय! सगळे माना डोलवायचे."

लोक खूप हसले. मी मात्र ते गंमत म्हणून केलं नव्हतं. प्रत्येक वेळी ते दात-ओठ खाऊन म्हटलं होतं.

हशा ओसरला तेव्हा शांताराम म्हणाला, "नीळकंठराव, एक मिनिट. मागची स्लाइड परत लावा बरं. आणि त्याच्या आधीची. फोटो काढणारा सगळीकडे एकच होता काय?"

"एकच कसा असेल? व्हिएन्नाचा तर एका म्हाताऱ्या बाईने काढला," मी म्हणालो, आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं की हे मी आत्ता बनवून सांगतोय. मला कोणीच आठवत नव्हतं.

"मग ही सावली पाहा ना."

फोटो काढणाऱ्याची पाठ सूर्याकडे असेल तर त्याची सावली फोटोत खालून येते, यात नवल काही नाही. माझ्या चारही फोटोंत ती आली होती. डोकं, कॅमेरा धरलेल्या हाताचं वर उचललेलं कोपर. उजवा खांदा डाव्यापेक्षा बराच खाली पडलेला. कोपरापासून पिशवीसारखं काहीतरी लोंबत होतं. स्टॉकहोमला तसंच, हॅम्बर्गला तसंच.

"ऊन तिरपं असलं की सगळ्यांच्या सावल्या अशाच दिसतात," मी तुटकपणे म्हणालो आणि बटण दाबत पुढे गेलो. चौतिसावी स्लाइड लंडनची होती, माझ्या वहीप्रमाणे ती शेवटची. बटण आणखी एकदा दाबलं गेलं.

पडद्यावर आमचं क्वार्टर आलं. पायरीवर रत्नप्रभा आणि आमची सात वर्षांची वसू डोळे बारीक करून हसत उभ्या होत्या. त्यापुढची स्लाइड एकट्या वसूची. दोन्हींत खालून तीच सावली आत आली होती, खांदा पडलेली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घर शेवटी ठेवलं याचं त्यांना कौतुक वाटलं. ते दोन फोटो मी काढले नव्हते.

३

प्रोजेक्टर सोमवारी परत द्यायचा होता. त्याच संध्याकाळी मी तो घरी आणला, भिंतीवर पांढरी चादर लावली आणि फूटपट्टी घेऊन बसलो. माझी उंची पाच फूट सहा इंच. तिच्या प्रमाणात बाकीचं मोजता येतं. हे काम मला येतं आणि मोजायला लागलं की माझं मन शांत होतं.

त्या दिवशी झालं नाही. सावलीच्या डोक्यापासून माझ्या बुटांपर्यंतचं अंतर स्टॉकहोमला चौदा फूट भरलं. हॅम्बर्गला अकरा. व्हिएन्नाला सातच्या आसपास. लंडनला अडीच फूट. मी प्रत्येक ठिकाणी उभा राहायची जागा स्वतः ठरवली होती, कॅमेरा धरणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते हाताने दाखवलं होतं. अंतर दर वेळी बदलायचं काही कारण नव्हतं. आणि बदललंच तर एकदा जास्त, एकदा कमी व्हायला हवं होतं.

मग मी घरचे दोन लावले. पहिल्यात सावलीचं डोकं पायरीला टेकलं होतं. दुसऱ्यात ती वसूच्या पायांवरून फ्रॉकवर चढून छातीपर्यंत आली होती.

मी बराच वेळ त्या स्लाइडसमोर बसलो आणि मग काय चुकतंय ते दिसलं. वसूची स्वतःची सावली तिच्या मागे जेमतेम उंबऱ्यापर्यंत पडली होती. म्हणजे दुपारी एकचं ऊन. त्याच उन्हात त्या माणसाची सावली अंगण ओलांडून वीस फूट लांब पडली होती. एकाच सूर्याखाली दोन मापं होत नाहीत. कारखान्यात असा नग आला असता तर मी फुली मारून मोकळा झालो असतो.

४

रत्नप्रभा स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. मी विचारलं, "आपले ते दारातले फोटो कोणी काढले?"

"तुमच्या मित्राने. तुम्हाला सांगितलं होतं की."

"मला कोणी काही सांगितलेलं नाही. कधी?"

"तुम्ही आल्यावर चार-पाच दिवसांनी. तुम्ही ऑफिसात होतात. वसूची शाळा सुटून आमची जेवणं झाली होती." तिने पोळी उलटली. "नीळकंठरावांनी बोलावलंय म्हणाले. तिकडचे फोटो मीच काढलेत, दोन राहिलेत, कॅमेरा देता का? कपाटातून काढून दिला. काढून झाल्यावर परत दिला त्यांनी. सभ्य वाटले."

"मराठीत बोलला?"

"मग कशात बोलणार?"

"दिसायला कसा होता?"

तिने सांगायला तोंड उघडलं आणि हातातलं उलथनं तसंच राहिलं. "उन्हाकडे पाठ होती हो त्यांची. आमच्या डोळ्यांवर ऊन येत होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, या, चहा घ्या. तर म्हणाले, नको, साहेब घरी असताना येईन आत."

पोळी जळली. मी ओरडलो. अनोळखी माणसाला दाराशी उभं करतेस, मुलीला त्याच्यासमोर उभं करतेस, अक्कल आहे की नाही, असं बरंच काही बोललो. तिने गॅस बंद केला.

"अनोळखी माणसांना पत्ता वाटत फिरलात तुम्ही," ती म्हणाली. "आज दोनशे माणसांसमोर हसत हसत सांगितलंत. आणि जाब मला विचारताय."

त्या रात्रीपासून ती वसूला घेऊन आतल्या खोलीत झोपायला लागली.

५

मला त्या माणसांचे चेहरे का आठवत नाहीत ते तिच्या बोलण्यावरून कळलं. फोटो काढणारा सूर्याकडे पाठ करून उभा राहतो आणि आपण सूर्याकडे तोंड करून. चारही शहरांत मी डोळे बारीक करून एका काळ्या आकाराकडे बघत हसलो होतो. कॅमेरा परत घेतानासुद्धा मला फक्त हात दिसला असणार.

लंडनचं मी पुन्हा पुन्हा आठवायला लागलो. नदीवरचा पूल होता. वारा इतका होता की मफलर एका हाताने धरावा लागत होता. बराच वेळ कोणी थांबायला तयार नव्हतं, एकाने तर हात झटकला. मग कोणीतरी थांबलं. फोटो काढला. मी नेहमीसारखं दात-ओठ खाऊन म्हटलं, उपकार झाले, या एकदा घरी.

आणि तो म्हणाला, "कधी येऊ?"

मी म्हटलं, "केव्हाही या. घर तुमचंच आहे."

एवढं बोलून मी पुढे चालायला लागलो होतो. हे आपल्याकडे कोणीही कोणालाही म्हणतं आणि कोणी येत नाही. सात आठवडे मराठी शब्द कानावर पडला नव्हता, तरी त्या पुलावर कोणीतरी मराठीत प्रश्न विचारला याचं मला काही वाटलं नव्हतं. एक महिन्याने, भोपाळमध्ये, कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटावर बसलो असताना ते लक्षात आलं. मी जेवण तसंच टाकून उठलो.

६

कॅमेरा मी ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवला. रत्नप्रभाला बजावलं की दुपारी दार उघडायचं नाही.

"दारात आलेल्या माणसाला जा म्हणू?" ती म्हणाली. "मला नाही जमणार. तुम्ही बोलावलंय, तुम्हीच सांगा."

तिचं बरोबर होतं. मी ऑफिसात फायलीवर डोकं ठेवून वाक्य जुळवत बसायचो. कृपा करून परत जा. इथे येऊ नका. एवढंच म्हणायचं होतं. पण ते मोठ्याने म्हणून बघताना जीभ अडखळायची. आयुष्यभर मी लोकांशी तुसडेपणाने वागलो, पण दारात आलेल्या माणसाला परत जा असं कधी म्हटलेलं नव्हतं. आमच्या घरात तसं कोणी केल्याचं मी पाहिलंही नव्हतं.

बुधवारी समोरच्या क्वार्टरमधल्या मालतीबाई रत्नप्रभाला फाटकात गाठून म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज दुपारी पाहुणे उभे असतात. आत घेत नाही का हो त्यांना?"

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. "कसे दिसतात?" विचारलं.

"मला पाठमोरेच दिसतात. एक खांदा पडलेला, हातात पिशवी. मी समजले, नीळकंठरावांचे भाऊ असतील." त्या माझ्याकडे बघत होत्या ते चांगल्या नजरेने नव्हे. "तीन दिवस झाले, उन्हात उभे आहेत बिचारे."

गुरुवारी मी रजा घेऊन दुपारभर खिडकीशी बसलो. अंगणात कोणी आलं नाही. रस्त्यावरून एक भाजीवाला गेला, एवढंच. संध्याकाळी मालतीबाई अंगणातून ऐकू येईल असं म्हणाल्या, "आज तर साहेब घरात बसून होते, तरी दार उघडलं नाही."

टाउनशिपमध्ये अशी गोष्ट पसरायला एक शिफ्ट पुरते. परदेश पाहून आला आणि गरीब नातेवाइकाला दारात तिष्ठत ठेवतो, असं झालं. ड्रॉइंग ऑफिसातले लोक मला बघून गप्प व्हायला लागले. शांतारामने मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाची चिठ्ठी आमच्याकडे पाठवलीच नाही. शाळेच्या बसमध्ये वसूशेजारी कोणी बसेना. मी चिडलो होतो, आणि खरं सांगायचं तर घाबरलो होतो. मला भीती फक्त वसूसाठी होती. सावली तिच्या छातीपर्यंत आली होती आणि मला पुढचं माप माहीत होतं.

७

रविवारी मी घरीच होतो. सव्वा वाजला होता. रत्नप्रभा मागे भांडी घासत होती. वसू माझ्या शेजारी चित्र काढत बसली होती. मी दोन मिनिटं पाणी प्यायला आत गेलो असेन. बाहेर आलो तर वही जमिनीवर होती आणि दार उघडं होतं.

वसू पायरीवर उभी होती. कपाळाशी हात धरून, डोळे बारीक करून, ती अंगणाकडे बघत हसत होती.

सावली फाटकापासून पायरीपर्यंत पडली होती. आज ती वसूच्या गळ्यापर्यंत आली होती. कॅमेरा लॉकरमध्ये होता आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात, तरी ते कोपर वर उचललेलंच होतं.

मी तिच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि मान वर केली. ऊन थेट डोळ्यांत घुसलं. अंगणात काहीतरी काळं उभं होतं, एका बाजूने कललेलं. त्याच्याभोवती उजेड इतका होता की कडाच दिसत नव्हत्या. चेहऱ्याच्या जागी बघायला गेलो की डोळ्यांतून पाणी यायचं.

"नमस्कार," ते म्हणालं. "आज घरी आहात."

त्याच्या पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, मालतीबाई व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. शेजारी शांताराम चहाचा कप घेऊन उभा होता. आणखी दोन दारं उघडली. सगळे आमच्या दाराकडे बघत होते आणि कोणाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. सगळ्यांना माझा राग आलेला होता.

"अहो, काही लाज!" मालतीबाई ओरडल्या. "आत तरी घ्या त्यांना!"

माझं वाक्य तयार होतं. चार दिवस मी ते घोकलं होतं. कृपा करून परत जा. मी तोंड उघडलं. मागून वसूने माझा सदरा धरला होता, तिची बोटं मला पाठीला जाणवत होती.

"या," मी म्हणालो. "या ना, आत या."

नुसतं म्हणालो नाही. वाट द्यायला मी बाजूलाही झालो. हात आपोआप दाराकडे गेला.

कोणी चढून आलं नाही. अंगणातलं ऊन तसंच होतं आणि जमीन मोकळी होती. मालतीबाई समाधानाने आत गेल्या. शांतारामने माझ्याकडे बघून मान डोलवली, सात आठवड्यांत चार शहरांतल्या माणसांनी डोलवली होती तशी. स्वयंपाकघरात रत्नप्रभाने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. टाउनशिप सोडून आम्ही भोपाळमध्येच बाग सेवनियाला राहायला आलो. रत्नप्रभा माझ्याशी कामापुरतं बोलते. वसूचे डोळे मी तीन डॉक्टरांना दाखवले, तिघेही नजर उत्तम आहे म्हणाले.

नव्या घराची मधली खोली मी मुद्दाम बघून घेतली, तिला एकही खिडकी नाही आणि ऊन कोणत्याही महिन्यात येत नाही. वसू तिथे अभ्यासाला बसते. समोर एक रिकामी खुर्ची असते. परवा दुपारी मी आत गेलो तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं आणि ती कपाळाशी हात धरून, डोळे बारीक करून, त्या खुर्चीकडे बघत हसत होती. खोलीत दिवा लागलेला होता, तरी तिच्या चेहऱ्यावर हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत अंधार होता.

"वसू, ऊठ तिथून," मी म्हणालो. "इकडे ये बघू माझ्याकडे."

ती जागची हलली नाही. ओठ जेमतेम हलवत ती म्हणाली, "थांबा ना बाबा. काका म्हणालेत, एकच राहिलाय."